दोन ताऱ्यांची बालवाडी

३ ऑगस्ट, रविवार

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे, हे मला माहीत आहे. आज हात वळत नाही. पुढे जमलं तर बघू.

फोन करत नाही, कारण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं आणि चौथ्याला तू ठेवून देतेस. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं. शिवाय फोन हाताशी असतोच कुठे? त्यातून तुझा आवाज आला की तुझी लेक फोन उचलते, चपलांच्या कपाटात नेते, तुझ्या तपकिरी सँडलमध्ये ठेवते आणि कपाट लावून घेते. परवा दुकानातून मालक मला फोन करत होते आणि मी घरभर शोधत होते. कपाट वाजत होतं.

तू पाठवलेला कागद मिळाला. आपल्या विभागातल्या तीन सरकारी बालवाड्या आणि त्यांच्यापुढे शिक्षण कार्यालयानं दिलेले तारे. टाकीजवळची, पाच. बाजारावरची, तीन. जुन्या पोस्टातली, दोन. पाचांभोवती तू लाल पेनानं गोल काढलास, तोही दोनदा गिरवून. खाली लिहिलंस, ‘ताई, यात विचार करण्यासारखं काही नाही.’ मग मला विचारलंस कशाला? तू तिकडे दुसऱ्याच्या आजीला घास भरवतेस, इकडे तुझ्या मुलीचं नाक मी पुसते. जाऊन बघायचा तेवढा हक्क मला आहे असं धरून मी गेले.

टाकीजवळची चांगली आहे, खोटं कशाला बोलू. नवी इमारत आहे, हात धुवायची भांडी मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर, संडास आपल्या घरापेक्षा स्वच्छ. चित्रांची पुस्तकं इतकी की मलाच बसून वाचावीशी वाटली. मुख्य बाईंना निळ्या फ्रेमचा चष्मा आहे, महागातला, पण इतका घट्ट की नाकाच्या दोन्ही बाजूंना वळ उठलेत. इतकी वर्षं लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवल्यावर मला चष्म्यावरून माणूस कळतो, असा माझा समज आहे. तू हसशील. हस.

दारात जमिनीवर एक जाड पिवळी रेघ आहे.

“रेघेच्या आत पालकांनी यायचं नाही,” निळ्या बाई म्हणाल्या. “सोडायचं आणि वळायचं. मागे बघायचं नाही. मागे बघितलंत की संपलं.”

“आणि रडली तर?”

“पाच मिनिटांत गप्प होतात सगळी.”

मी दुकानात चष्म्याच्या काचेची हमी देते ना, त्या थाटात त्यांनी हे सांगितलं. आणि खरंच, माझ्यासमोर लाल बुटांचं एक पोर ओक्साबोक्शी रडत रेघेच्या आत गेलं आणि थोड्या वेळात गप्प झालं. फरक एवढाच की त्याची समजूत कोणी काढली नव्हती. कोणी येणार नाही हे त्याला कळलं, म्हणून ते थांबलं.

भुंगी माझं बोट धरून सगळं बघत होती. नाव तूच ठेवलंस, दिवसभर नाकातून गुणगुण चालते म्हणून. आधी आपण दोघी वैतागायचो, आठवतं? आता ती गुणगुण थांबली की मला घरातला पंखा बंद पडल्यासारखं होतं. त्या इमारतीत ती सगळा वेळ गप्प होती.

बाकीच्या दोन बघून कळवते.

ताई


१० ऑगस्ट

धाकटे,

तुझं दोन ओळींचं कार्ड आलं. ‘बाकीच्या बघायची गरज नाही, तू उगीच घोळ घालतेस.’ मी घोळ घालते! बरं.

बाजारावरची बघितली. भाजीबाजाराच्या मोठ्या शेडवर एक मजला आहे, त्यावर. जिन्यात कांद्याचा वास, वर कल्ला. एकाच खोलीत इतकी मुलं की पाय ठेवायला जागा शोधावी लागते. पण बाई गोड आहेत, अगदी गोल, हसल्या की सगळ्या हलतात. त्यांच्या चष्म्याची दांडी चिकटपट्टीनं जोडलेली होती. माझ्या पर्समध्ये छोटा पेचकस असतो, मी तिथल्या तिथे स्क्रू बसवून दिला, तर त्यांनी मला मिठी मारली. नवे प्रवेश सप्टेंबरात आहेत, पण त्या म्हणाल्या, एक सकाळ बसवून बघा की.

आता पुढचं लिहायचं नव्हतं. लिहिते.

भुंगी ठोकळ्यांशी बसली. गोल बाईंनी मला डोळा मारला आणि हळूच म्हणाल्या, “रमलीय. सटका आता. सांगून गेलात की रडारड होते, सगळेच असं करतात.” मलाही दुकानाची घाई होती. मी सटकले. मान खाली घालून, पायांचा आवाज न करता जिना उतरले, चोरी केल्यासारखी.

दुपारी न्यायला गेले तर ती जिन्याच्या वरच्या पायरीवर कठडा धरून उभी. ठोकळे सोडून आली ती हललीच नाही म्हणे. रडली नाही, काही मागितलं नाही, केळं दिलं ते हातात तसंच, काळं पडलेलं. मला बघितल्यावर तिनं एकच विचारलं.

“मावशी, मी झोपले होते का?”

मी म्हटलं, “नाही गं, तू तर खेळत होतीस.”

तिला पटलं नाही. घरी येईपर्यंत तिनं तेच आणखी दोनदा विचारलं. धाकटे, तिचा हिशोब साधा आहे. आपण झोपलो की माणसं जातात. मग मावशी गेली त्या अर्थी आपण झोपलोच असणार.

तेव्हापासून ती झोपायला तयार नाही. डोळे मिटायला लागले की उठून बसते. माझ्या गाऊनचा पट्टा मनगटाला गुंडाळून घेते. मी बाथरूमला गेले तर दाराखालच्या फटीतून चार बोटं आत आलेली दिसतात. मी हात टेकलेत. दुकानात एका गिऱ्हाइकाला काल उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवून दिली. मालकांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. ते चिडले की असंच करतात.

तू गेलीस तेव्हा पहाट होती आणि ती झोपलेली होती. मी तुला दारात म्हटलं होतं, उठव तिला. तू म्हणालीस, नको, झोपू दे, त्रास होईल. त्रास कुणाला झाला असता, ते तू सांगितलं नाहीस. सकाळी ती उठली आणि आधी पलंगाखाली बघितलं, मग कपाटात. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. तू लांब बसून रडू नयेस म्हणून. आज सांगितलं, कारण आज मी चिडलेली आहे.

बाजारावरची नको. गोल बाईंना माझा नमस्कार, पण नको.

ताई


१७ ऑगस्ट

धाकटे,

मागच्या पत्राला उत्तर नाही. म्हणजे लागलं तुला. लागायलाच हवं होतं, पण तरी पोस्टमनची वाट मीही बघत होते. असो.

जुन्या पोस्टातली बघून आले. ही तुझी दोन ताऱ्यांची. बाहेरून बघितलीस तर तू रस्ता ओलांडून जाशील. रंगाचे पोपडे निघालेत, घसरगुंडीची एक बाजू दोरीनं बांधलीय. आत पोस्टाचे लाकडी काउंटर अजून तसेच आहेत, आणि पत्रं टाकायच्या खणांमध्ये मुलांचे जादा कपडे. एका खणात कोणीतरी आपला कुरकुरीत पाव जपून ठेवला होता, त्याला मुंग्या लागलेल्या. टाकीजवळच्या संडासांची सर इथे नाही, तेही सांगून टाकते.

बाईंचा चष्मा दोरीनं गळ्यात लटकलेला. डोळ्यांवर तो क्वचितच जातो. बाई कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा समोरच्याला थोडं चिडवल्यासारखं वाटतं. मला तरी वाटलं.

आता मुद्द्याचं. त्यांच्या वर्गाला एक मोठं हिरवं दार आहे, आणि त्याची कडी मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर. मी विचारलं, ही खाली कशी?

“इथे मोठी माणसं दार लावत नाहीत,” बाई म्हणाल्या. “ज्याचं माणूस, त्यानं दार लावायचं.”

म्हणजे असं. बाप मुलीला घेऊन येतो. मुलगी आत जाते, दप्तर खणात टाकते, मग बापाला हात धरून दाराशी आणते, ‘जा’ म्हणते आणि दार लावते. मग पुढचं मूल येतं, दार उघडतं, पुन्हा तेच. कोणाला लावायचं नसेल तर त्याचं माणूस व्हरांड्यातल्या छोट्या खुर्चीवर बसून राहतं. घाई कोणी करत नाही. म्हणूनच दोन तारे. तपासणीवाले साहेब आले तेव्हा साडेनऊ वाजून गेले तरी दार उघडमीट होत होतं आणि व्हरांड्यात एक आजोबा गुडघे कानाशी घेऊन पेपर वाचत होते. शिस्तीच्या रकान्यात भोपळा मिळाला. बाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही, आणि त्याचाही मला जरा रागच आला. माणसानं दोन तारे मिळाल्यावर निदान ओशाळावं.

मला हा सगळा प्रकार अतीच वाटला, लपवत नाही. आमचं दुकान दहाला उघडतं. पोराच्या मर्जीनं दार लावायला माझ्याकडे वेळ कुठून येणार?

पण भुंगीनं काय केलं ते ऐक. एका चिमुरडीनं आपल्या धिप्पाड बापाला गुडघ्यांत ढकलत बाहेर काढलं आणि धाडकन दार लावलं. भुंगी हे बघत उभी होती. बघता बघता तिची गुणगुण सुरू झाली. अगदी बारीक, पण सुरू झाली. तू गेल्यापासून घराबाहेर पहिल्यांदा.

तेव्हा मी ठरवलं. फॉर्म सोबत जोडलाय. जुनं पोस्ट पहिलं लिहिलंय. खाली आईची सही लागते. मी विचारलं, मी केली तर? कारकून म्हणाला, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, मावशी. त्यानं माझ्या नावापुढे लिहिलं, ‘सोबत राहणारी व्यक्ती’. मी तिची सोबत राहणारी व्यक्ती आहे, धाकटे. भाड्यानं खोली घेतल्यासारखी.

सही करून लगेच पाठव. महिनाअखेरीस मुदत संपते.

ताई


२६ ऑगस्ट

फॉर्म मिळाला.

मी लिहिलेलं खोडून तू टाकीजवळची पहिली केलीस. खोडताना कागद फाटलाय. वर चिठ्ठी: ‘आपण दोघी गळक्या छपराखाली शिकलो, ते पुरे झालं. मी इथे मरमर मरते ती माझी मुलगी दोन ताऱ्यांत बसावी म्हणून नाही. दाराच्या गोष्टी मला सांगू नकोस.’

तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणापासून तुला पहिला नंबर हवा. चित्रकलेत पहिला नंबर आला नाही म्हणून तू रंगाची पेटी विहिरीत टाकलीस, आणि आईचा मार मी खाल्ला. तेव्हाही तुला समोरचं चित्र दिसत नव्हतं, फक्त नंबर दिसत होता.

कार्यालयाच्या बाकावर मी बराच वेळ फॉर्म मांडीवर घेऊन बसले. पेन हातात होतं. तुझी सही खाली होतीच, वरचा एक शब्द बदलला असता तर कोणाला कळणार होतं? नाही बदलला. आई तू आहेस, मी सोबत राहणारी व्यक्ती. जसा होता तसा दिला.

तुझं मन शांत झालं असेल. माझं झालेलं नाही.

ताई


७ सप्टेंबर

धाकटे,

टाकीजवळच्या बालवाडीत आठवडा झाला. तुला ऐकायचं असेल ते आधी लिहिते. ती रडत नाही. पहिल्या दिवशीही रडली नाही. वेळेवर जाते, डबा संपवते, ओळीत उभी राहते, अक्षरं गिरवते. शुक्रवारी निळ्या बाईंनी तिच्या छातीवर चकचकीत तारा चिकटवला. “छान रुळली हो तुमची. इतकी शहाणी मुलं विरळा,” म्हणाल्या. तारा या पाकिटात घातलाय. घे, हा सहावा.

आता मला सांगायचं ते. ती गुणगुणत नाही. तिथे नाही, घरी नाही, आंघोळ करतानाही नाही. रस्त्यात मी स्वतः गुणगुणून बघितलं, निदान हसेल म्हणून, तर तिनं माझ्याकडे वर बघितलं आणि माझा हात हळूच दाबला. गप्प बस म्हणून. चार वर्षांची मुलगी.

आणखी एक. आपल्या स्वयंपाकघराच्या दारात फरशीचा रंग बदलतो, पांढऱ्याची तांबडी होते. ती तिथे येऊन थांबते. पांढऱ्या फरशीवर बोटं जुळवून उभी राहते. मी आत ये म्हटल्याशिवाय येत नाही. परवा माझी पाठ होती, मी भांडी घासत होते. वळले तर ती उभी. किती वेळ उभी होती मला माहीत नाही. हाक मारायची असते, हेसुद्धा ती विसरली की काय?

मी तिला ओढून पोटाशी धरलं आणि मग मीच रडले. ती नाही रडली. पाच मिनिटांत गप्प व्हायला शिकली आहे ना.

निळ्या बाई वाईट नाहीत. त्यांची शाळाही वाईट नाही. त्या लाल बुटांच्या पोराला तिथे आता मजा येते, मी बघते रोज, उड्या मारत जातं. त्याची आई त्याला सोडून रेघेपासून वळते आणि दुपारी परत येते, हे त्याला पाठ झालंय. भुंगीला काय पाठ आहे? तिचं एक माणूस वळलं, आणि अजून आलं नाही.

शुक्रवारीच सुट्टी काढून कार्यालयात गेले. कारकुनाला म्हटलं, बदली करून हवी.

“पाच ताऱ्यांतून दोन ताऱ्यांत?” त्यानं पुन्हा विचारलं. “उलटं म्हणायचंय का तुम्हाला?”

“सुलटंच म्हणतेय.”

“जागेचा प्रश्नच नाही. तिकडे कोण जातंय! फक्त आईची सही आणा.”

कोरा फॉर्म सोबत आहे. धाकटे, माझं काही ऐकू नकोस. मी भांडखोर आहे, मला शाळेतलं काय कळतं, मी उगीच घोळ घालते, सगळं कबूल. भांडण शिल्लक ठेव, मीही माझं ठेवते. फक्त सही कर.

ताई


२१ सप्टेंबर

धाकटे,

सही मिळाली. सोबत एक शब्द नाही. पाकीट दोनदा झटकून बघितलं. ठीक आहे, सही मागितली होती, सही आली.

या सोमवारी ती जुन्या पोस्टात बसली. तुला वाटेल, आता ताईच्या मनासारखं झालं. ताईची काय फजिती चाललीय ते ऐक.

तिनं अजून दार लावलेलं नाही.

रोज सकाळी दप्तर खणात टाकते, मला हात धरून दाराशी आणते, कडी धरते, माझ्या तोंडाकडे बघते. मी शहाण्यासारखी बाहेर उभी राहते. ती बघतच राहते. मग कडी सोडते, बाहेर येते, मला परत हाताला धरून छोट्या खुर्चीवर नेऊन बसवते आणि आत जाते. दार उघडं. मधूनमधून डोकावून बघते मी आहे का. मी असते. कुठे जाणार? त्या खुर्चीत एकदा बसलं की उठायलाच माणूस लागतं.

शेजारच्या खुर्चीत तेच पेपरवाले आजोबा, ज्यांच्यामुळे भोपळा मिळाला. त्यांचा नातू लवकर दार लावतो, पण लगेच उघडतो, पुन्हा लावतो, पुन्हा उघडतो. आजोबा शब्दकोडं सोडवून होईपर्यंत त्याचं समाधान होत नाही. “सवय होते,” ते मला म्हणाले. “मला आता घरी मोठी खुर्ची टोचते.” मला हसू आलं आणि त्याच वेळी किंचाळावंसंही वाटलं.

मालकांचा चष्मा पुसून पुसून झिजणार आहे. “बाई, दुकानाचं दार कोण उघडायचं?” त्यांनी काल विचारलं, आणि त्यांचं चूक नाही. मी शेवटी दोरीवाल्या बाईंना गाठलं.

“तुम्हीच ओढून लावा एकदा दार. मी जाते. माझी नोकरी जाईल.”

“लावते की. पण मग ते माझं दार झालं.”

असली वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, “तुमचं ठीक आहे हो, तुमची नोकरी दाराच्या आत आहे.” यावर त्या चक्क हसल्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी मला नीट बघितलं आणि विचारलं, “घरातलं कोणी हिला न सांगता गेलंय का?”

मी म्हटलं, “नाही. कोणी नाही.”

तुला झाकलं. घरात मी तुला वाट्टेल ते बोलेन, पण लोकांसमोर तुला झाकते, आणि मरेपर्यंत झाकेन. एवढं लक्षात ठेव आणि निदान चार ओळी लिही.

ताई


५ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

लिहिलं ‘प्रिय’. हुरळून जाऊ नकोस.

तुझं मोठं पत्र आलं. तीनदा वाचलं. त्यातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही: ‘ती जागी असती तर मी गेले नसते, ताई, आणि मला जायलाच हवं होतं.’ हे तू त्या पहाटे दारात का नाही म्हणालीस? मी तुला दगड समजून बसले. दुसऱ्याच्या आजीचे केस विंचरताना तुझे हात थांबतात, असं लिहिलंस. तेही वाचलं. राग गेलेला नाही, पण आता तो नुसता राग नाही. त्यात काय काय मिसळलंय, ते मला नीट सांगता येणार नाही.

आता बातमी. भुंगीनं दार लावलं.

बुधवारी. मी नेहमीसारखी बाहेर उभी होते आणि खरं सांगायचं तर तिच्याकडे लक्षही नव्हतं, दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा चष्मा तयार ठेवायचा राहिला होता, त्याची मनाला चुटपुट होती. तिनं माझ्या गाऊनचा पट्टा मागितला. हो, तो रोज माझ्या पर्समधून येतो. मी दिला. तिनं तो पुन्हा माझ्या हातात ठेवला.

“मावशी, तू जा. दुपारी ये.”

“जाऊ?”

“जा ना!”

आणि दोन्ही हातांनी ते जड दार ढकललं. पहिल्यांदा पुरतं बसलं नाही. आतून पाठीनं रेटा दिला, मग बसलं. कडी लागली. माझ्या तोंडावर, धाकटे. मी इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते झालं आणि मी तिथे उभी, हातात पट्टा, आणि मला असा राग आला तिचा की काय सांगू! हिला माझी गरज नाही? आजोबांनी पेपर बाजूला करून मला त्यांचा रुमाल दिला. मी दाराला कान लावला. आत गुणगुण चालली होती, मोठ्यानं, आपण वैतागायचो तेवढ्या मोठ्यानं.

त्या दुपारपासून ती झोपते. आडवी पसरून, तोंड उघडं टाकून, जशी तुझ्या कुशीत झोपायची तशी. फरशीच्या रंगाजवळ थांबत नाही. भांडी घासताना मागून येऊन माझ्या पायांवर आदळते. मी ओरडते. बरं वाटतं ओरडायला.

इथे पत्र संपवायचं होतं. पण काल संध्याकाळचं लिहायलाच हवं, कारण ते तुझ्यासाठी आहे.

मी दिवा लावून बसले होते. चपलांचं कपाट उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेला माझा फोन. बघते तर तिनं फोन बाहेर काढून जमिनीवर ठेवलेला, आणि तुझ्या तपकिरी सँडल दोन हातांत धरून चाललेली. आपलं पुढचं दार उघडलं. सँडल उंबऱ्याबाहेर ठेवल्या, नीट जोडीनं, बोटं जिन्याकडे करून. मग आत येऊन दाराची कडी धरून उभी राहिली.

मी विचारलं, “काय करतेस गं?”

“आई राहिली ना.”

“काय राहिलं आईचं?”

“आईला जायचंय. मी दार लावते.”

आणि वाट बघत राहिली. रडत नव्हती, हट्ट नव्हता. ती तुला परत बोलवत नव्हती, धाकटे. तिला तुला पाठवायचंय. इतके दिवस तिला तेवढंच हवं होतं, आणि आपण दोघी ताऱ्यांवरून भांडत होतो.

तेव्हा ये. राहायला ये असं मी म्हणत नाही. तिकडचं तुझं कराराचं काम अर्धं झालंय, ते पुरं कर, कमावून आधार देणारं तुझ्यामागे कोणी नाही हे मला कळतं. दोन दिवसांची रजा काढ. ये, तिला जवळ घे, तिच्याशी खेळ, तिनं चिडून बोचकारलं तर बोचकारू दे. आणि मग दिवसाढवळ्या, ती टक्क जागी असताना, तिच्यासमोर सँडल घाल आणि जा. रडू आलं तर रड, पण तिच्याकडे बघून जा. पुन्हा कधी येणार ते तिला सांगून जा आणि त्या दिवशी ये. दार तिचं ती लावेल. जोरात लावेल, तयारी ठेव.

तोवर माझी पंचाईत आहे. संध्याकाळी ती मला पुढचं दार लावू देत नाही. आईचं राहिलंय म्हणते, आणि सँडलला हात लावू देत नाही. कालपासून दार सताड उघडं आहे. घरभर डास झालेत.

लवकर ये.

तुझी ताई